मनगट वाकवू की सरळ ठेवू?

प्रश्न : नाना, नमस्कार. मी फैजपूरजवळ केळीची शेती करतो. वय ३६. नोकरीमुळे सात वर्षं पुण्यात होतो, तिथे गोल्फचा नाद लागला. आता घरची बाग बघतो. केळी पॅकिंगच्या शेडमध्ये एका टोकाला जाळी बांधली आहे, सिमेंटच्या कोब्यावर पातळ चटई टाकून रोज पहाटे साठ-सत्तर बॉल मारतो. महिन्या-दीड महिन्यातून पुण्याला गेलो की मित्रांबरोबर अठरा होल होतात. जुना आजार स्लाइसचा. बॉल उजवीकडे वळत वळत झाडीत जातो.

दिवाळीनंतर डस्टिन जॉन्सन या अमेरिकन गोल्फरचा स्विंग बघून मी क्लब (गोल्फची काठी) मागे वर नेताना, म्हणजे बॅकस्विंगच्या वरच्या टोकाला डावं मनगट आत, तळहाताकडे वाकवायला लागलो. पहिला आठवडा बॉल असा सरळ गेला की रात्री झोप येईना. मग पुण्याला गेलो. मित्र म्हणाला, डावा हात दांड्यावर थोडा उजवीकडे फिरवून धर, आणखी फरक पडेल. तेही केलं. तेव्हापासून बॉल खालून जातो आणि डावीकडे घुसतो. घाबरून मनगट उलट्या बाजूला, मागे मोडून पाहिलं. स्लाइस परत आला, पण पूर्वीपेक्षा कमी. शेवटी मुलाची सहा इंची पट्टी घड्याळाच्या पट्ट्यात खोचून मनगट सपाट ठेवायला लागलो, तरी बॉल डावीकडेच. आता एकाच सकाळी तिन्ही प्रकार करतो आणि एकही अंगात बसत नाही. अंगठ्याच्या बाजूनं मनगट ठणकतं. घरचे म्हणतात, माल कापणीवर आलाय आणि तुम्ही हात धरून बसलात. नेमकं कुठलं मनगट बरोबर? पट्टी लावून मैदानावर खेळलं तर चालतं का?

— एक वाचक, फैजपूर

उत्तर : भाऊ, आधी दुखण्याचं बोलू. बाकीचं सगळं नंतर.

अंगठा मुठीत घ्या आणि मूठ सावकाश करंगळीच्या बाजूला झुकवा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या काठाकाठानं झणझणीत कळ आली, तर तिथल्या कंडरांच्या आवरणाला सूज असण्याची दाट शक्यता आहे. डॉक्टर त्याला डी क्वेर्व्हेन म्हणतात. गोल्फमध्ये डावं मनगट प्रत्येक बॉलला अंगठ्याच्या बाजूला वर मोडतं आणि झटक्यानं उलगडतं, त्यामुळे ही जागा आधी कुरकुरते. तुम्ही तर रोज साठ-सत्तर वेळा, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी तिला ओढताय, आणि खाली कोबा आहे. क्लब बॉलच्या जरा मागे उतरला की पातळ चटईतून सगळा हादरा मनगटात जातो. हाडांच्या डॉक्टरांना हात दाखवा. त्यांनी हो म्हणेपर्यंत एकही बॉल मारू नका. आणि कळ जर करंगळीच्या बाजूला, तळहाताच्या खालच्या उशीत असेल, तर त्यांना 'मी गोल्फ खेळतो' हे आवर्जून सांगा. दांड्याचं टोक तिथेच टेकतं, तिथल्या एका लहान हाडाचा आकड्यासारखा वाकडा भाग मोडू शकतो, आणि साध्या एक्स-रेत तो बऱ्याचदा दिसत नाही. शेतकऱ्याचा हात आहे तुमचा. घड उतरवायला तोच लागणार.

आता मनगट. टेबलावर डावा हात तळवा खाली करून ठेवा आणि पंजा वर उचला. मनगटाच्या पाठीवर खळगा पडतो. मी शिकवताना त्याला वाटी म्हणतो. आता हात टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू द्या. मनगटाची पाठ फुगते, ती कमान. मधली अवस्था सपाट. चौथी हालचाल वेगळीच आहे : खिळा ठोकायला हातोडी उचलता तशी, अंगठ्याच्या दिशेनं. ही हातोडीची हालचाल क्लबला वेग देते. वाटी आणि कमान क्लबचा फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, फिरवतात. उजव्या हाताच्या खेळाडूची वाटी वाढली की फेस उघडतो, उजवीकडे बघायला लागतो. कमान वाढली की फेस मिटतो, डावीकडे बघतो. वरच्या टोकाला मोबाइलवर फोटो काढलात तर हे डोळ्यांनी दिसतं. फेस आभाळाकडे बघत असेल तर मिटलेला, क्लबचं टोक जमिनीकडे लोंबत असेल तर उघडा, आणि डाव्या हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या रेषेला समांतर असेल तर मधला.

बॉल आणि फेस एकमेकांना चिकटून असतात तो काळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याच्या आसपास. तेवढ्यात हातानं काही दुरुस्त करता येत नाही. बॉल कुठे निघणार हे मुख्यतः त्या क्षणी फेस कुठे बघतो यावर ठरतं. पुढे हवेत किती वळणार, हे फेस आणि क्लबची वाट (क्लबचं डोकं ज्या दिशेनं जातं ती) यांच्यातल्या फरकावर. फेस १ अंश चुकला तर २०० यार्डांवर बॉल साडेतीन यार्ड बाजूला. ५ अंश म्हणजे साडेसतरा यार्ड, वळण्याचा हिशेब वेगळाच. म्हणून तुमचं मनगटाकडे लक्ष गेलं ते योग्यच झालं. चुकलं ते पुढे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : मित्राच्या सांगण्यावरून डावा हात उजवीकडे फिरवून धरला. पत्रासोबतच्या फोटोत तुम्ही बॉलपुढे उभे आहात, आणि वरून पाहताना डाव्या मुठीच्या तीन गाठी स्वच्छ दिसताहेत, चौथीची कड दिसतेय. ही मजबूत पकड. ती स्वतःच फेस मिटवते. पहिल्या आठवड्यात तुमची जुनी पकड होती आणि जोडीला नवी कमान. स्लाइसवाल्याचा उघडा फेस तेवढ्या कमानीनं जागेवर आला आणि बॉल सरळ गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याच दुखण्यावर दुसरं औषध वरून पडलं. दोन्ही औषधं एकाच दिशेची. बॉल डावीकडे घुसणारच. मग वाटी केलीत, तेव्हा मजबूत पकडीनं मिटवलेला फेस वाटीनं उघडला. दोघांचा हिशेब जवळपास फिटला, म्हणून स्लाइस आला तो कमी आला.

पट्टीनं तुम्हाला फसवलं ते इथेच. नीट बघा, कारण मी हे पट्टीवाल्या बऱ्याच जणांत पाहिलंय. आरशासमोर क्लब धरून उभे राहा. मुठीच्या दोन गाठी दिसतील अशी पकड घ्या आणि मनगटाची पाठ बघा : थोडी वाटी असते. आता हात फिरवून साडेतीन गाठी दिसू द्या, क्लबचा फेस मात्र सरळच ठेवा. वाटी वाढलेली दिसेल. म्हणजे मजबूत पकडीत वाटी ही त्या माणसाची सरळ फेसची जागा आहे. त्यानं पट्टी टेकवून मनगट सपाट केलं की पट्टी बरोबर सांगते आणि फेस मिटलेला असतो. पट्टीला फक्त मनगट कळतं, पकड कळत नाही. मनगट आणि पकड ही बैलजोडी आहे. एकाचा कासरा ओढलात आणि दुसऱ्याकडे पाहिलंच नाही, तर नांगराचं तास वाकडं जाणारच.

मोठ्या खेळाडूंकडे बघतानाही जोडीच बघा. बेन होगन हा जुना अमेरिकन खेळाडू, हुकनं, म्हणजे डावीकडे वळत जाणाऱ्या बॉलनं, छळलेला माणूस. १९४९ मध्ये त्याच्या मोटारीला बसनं धडक दिली, पुन्हा चालेल की नाही अशी अवस्था होती, आणि १९५० मध्ये त्यानं यूएस ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. १९५५ मध्ये लाइफ साप्ताहिकात त्यानं आपलं गुपित सांगितलं : वरच्या टोकाला डाव्या मनगटाला वाटी. पण त्याच गुपिताचा दुसरा अर्धा भाग पकडीचा होता. त्यानं डावा हात दांड्यावर डावीकडे सरकवला होता. दोन्ही गोष्टी फेस उघडणाऱ्या, कारण त्याचा फेस मिटत होता. स्लाइसवाल्यानं ते गुपित उचललं तर त्याचा आजार दुप्पट होतो. डस्टिन जॉन्सन दुसऱ्या टोकाचा. त्याची कमान एवढी की वरच्या टोकाला फेस सरळ आभाळाकडे. त्यानं २०१६ ची यूएस ओपन जिंकली, २०२० ची मास्टर्स २६८ फटक्यांत. पण खाली येताना त्याची कंबर आणि छाती इतक्या झपाट्यानं लक्ष्याकडे उघडतात की मिटलेला फेस मिटत राहायला वेळच मिळत नाही, आणि तो ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) डावीकडून उजवीकडे वळवतो. तुम्ही त्याचं मनगट घेतलंत. कंबर फैजपूरचीच राहिली. भाऊ, हे दोष म्हणून सांगत नाही. तुमची कंबर तुमच्या वयाची, तुमच्या कामाची आहे, आणि तिच्याबरोबर चांगलं गोल्फ होतं. जॉन रामकडे पाहा. जन्मतः उजवं पाऊल वाकडं होतं, घोट्यात हालचाल कमी. त्यानं आखूड बॅकस्विंग आपला म्हणून घेतला आणि २०२१ ची यूएस ओपन आणि २०२३ ची मास्टर्स नेली.

मी छावणीतल्या गोल्फ मैदानावर अकरा वर्षं ड्यूटी केली, गवताची निगा राखायची. तिथेच खेळ शिकलो. १९९८ मध्ये होगनबद्दल वाचलं आणि वाटीच्या मागे लागलो. स्लाइस माझाही होता. चार महिने बॉल उजवीकडच्या बाभळीत जात राहिले, मग मी पकड बदलली, मग उभं राहणं बदललं, मग बॉलची जागा. पाचव्या महिन्यात काय बदललं म्हणून काय झालं, हे सांगता येईना. तेव्हा वही घेतली. आजही माझ्याकडे शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी वहीच आणायला सांगतो. चार रकाने : पकड, मनगट, बॉल कुठे निघाला, कुठे वळला. तीन आठवड्यांत पहिल्या दोन रकान्यांपैकी एकच बदलायचा.

हात बरा झाला की असं करा. पकड जुनी, अडीच गाठींपर्यंत. दांडा तळहातात नको, बोटांत हवा : करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका. तुमच्यासारख्याला हे जड जातं. कुदळ-फावडं आपण तळव्यात दाबून धरतो, त्याचे घट्टे तळव्याच्या मध्ये असतात. बॉल मारून झाल्यावर हात उघडून बघा. घासल्याची लाली तळव्याच्या मध्यावर दिसली तर क्लब फावड्यासारखा धरलाय, आणि तसा धरला की हातोडीची हालचालच अडते. मग माणूस वेग आणायला दुसरीकडून मनगट मोडतो. जोरही कमी करा. उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटेसुद्धा तळवे घामेजतात आणि घाबरून मूठ आवळली जाते. ग्रिप साबणाच्या पाण्यानं धुवा, कोरडं फडकं कमरेला ठेवा. लाकडं फोडायला शिकवताना माझे वडील म्हणायचे, "हात ढिला ठेव, मंग कुऱ्हाड आपोआप फिरस." पारोळ्याकडचं आमचं गाव, सरपण सगळं बाभळीचं, आणि त्या लाकडाला मूठ आवळून घाव घातला की कुऱ्हाड उलट अंगावर यायची.

मनगटाचं वरच्या टोकाला मुद्दाम काही करू नका. उभं राहताना जेवढी वाटी होती तेवढी किंवा तिच्याहून थोडी कमी, एवढंच. खरी गरज खाली, बॉलपाशी आहे. बॉल हवेत उचलायचा म्हणून आपण उलथन्यानं भाकरी उलटावी तसा शेवटी झटका देतो. डावं मनगट मागे मोडतं, क्लबचं डोकं हातांच्या पुढे जातं. चांगले खेळाडू वर कसेही असोत, बॉलपाशी त्यांचं डावं मनगट उभं राहतानापेक्षा सपाट असतं आणि हात बॉलच्या किंचित पुढे. बॉल उचलायचं काम लॉफ्टचं, म्हणजे फेसच्या मागे कललेपणाचं आहे. ७ नंबरच्या आयर्नला (लोखंडी डोक्याच्या क्लबला) तीसेक अंशांचा लॉफ्ट असतो, तो आपलं काम करतो.

हे शिकायला पूर्ण स्विंग नको. घड्याळाचे काटे धरा : हात नऊपासून तीनपर्यंत, सावकाश, वीस बॉल. सत्तर नकोत. जाळीवर मधोमध एक जाड सुतळी उभी सोडा, बॉलपासून ३ मीटरवर, नेम तिच्यावर. बॉल सुतळीपासून किती अंतरावर आदळतो ते बघा. या अंतरावर ५ अंश म्हणजे साधारण २६ सेंटीमीटर, वीतभरापेक्षा थोडं जास्त. जाळीत बॉल वळलेला दिसत नाही म्हणून लोक जाळीला नावं ठेवतात, पण निघण्याची दिशा ती खोटी सांगत नाही, आणि तुमच्या दुखण्याला सध्या तेवढंच कळायला हवं. वीस बॉलांपैकी बारा-तेरा सुतळीच्या अर्ध्या वितेत आले की मग पुण्याला जाऊन वळण बघा. फेसवर थोडी टाल्कम पावडर मारा म्हणजे बॉल कुठे लागला तेही कळेल. टाचेकडे किंवा टोकाकडे लागलेला ड्राइव्ह वेगळंच वळण घेतो, आणि त्याचा दोष मनगटाच्या माथी बसतो.

कोबा सोडा. शेडच्या बाहेर, ओलसर काळ्या मातीवर चुन्याच्या फक्कीची एक बारीक रेघ ओढा. बॉल न ठेवता, रेघेवर बॉल आहे असं समजून क्लब फिरवा. माती कुठे कापली जाते? काळ्यावर पांढरं असल्यानं लपत नाही. रेघेच्या पुढे कापली गेली तर मनगट टिकलं, मागे कापली गेली तर पुन्हा उलथनं आलं. मात्र मे महिन्यात जमीन तडकलेली असते तेव्हा हा खेळ नको, त्या ढेकळांवर मनगट पुन्हा दुखावेल. पाणी दिलेल्या दिवशीच करा.

पट्टीबद्दल : सरावात हवी तेवढी वापरा. सामन्याच्या फेरीत फटका मारताना घड्याळात पट्टी खोचलेली चालत नाही. गोल्फचा नियम ४.३ तसा स्पष्ट आहे. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) पहिल्या वेळी दोन फटक्यांचा दंड, त्याच फेरीत दुसऱ्यांदा झालं तर बाद. मित्रांबरोबरच्या खेळातही लावू नका, सवय तशीच लागते.

तीन आठवड्यांची वही झाली की पानांचे फोटो पाठवा. बॉल अजून डावीकडेच निघत असेल तर मी पकडीकडून पुन्हा सुरुवात करेन. उजवीकडे निघून उजवीकडेच वळत असेल तर मनगट सोडून तुमच्या खांद्यांकडे बघू, कारण क्लबची वाट बाहेरून आत येतेय असा माझा संशय आधीपासून आहे. कापणी उरकू द्या, घाई नाही.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. तिच्या वडिलांचा जुना ७ नंबरचा आयर्न घेऊन अंगणात फिरवते. क्लब वर नेला की तिचं डावं मनगट कोलमडतं, क्लब पाठीवर लोळतो. कितीदा सांगितलं 'मनगट घट्ट ठेव', जमत नाही. काय करावं?

— एक आई, धुळे

उत्तर : ताई, 'घट्ट ठेव' म्हणणं आजपासून बंद करा. तिचं मनगट कमजोर नाही, हत्यार जड आहे. पुरुषांचा ७ नंबर ३७ इंचांच्या आसपास लांब असतो आणि बहुधा स्टीलचा. तो नुसता कापून देऊ नका. दांडा आखूड झाल्यानं आणखी ताठ होतो आणि डोकं तेवढंच जड राहतं. मुलांसाठी हलक्या दांड्याचा क्लब मिळतो, एकच घ्या, तिच्या उंचीला बसेल तो. तोवर शेतातून तुराटी आणा, पानं-फाटे सोलून, तिच्या कमरेएवढी कापून. जमिनीवर एक खडा ठेवा. तुराटी दोन्ही हातांनी फिरवू द्या आणि सूंऽ असा आवाज कुठे येतो ते तिलाच ऐकायला सांगा. मनगट लवकर सुटलं की आवाज मागे, उजव्या खांद्यापाशी येतो. नीट उलगडलं की खड्याच्या पुढे. आठवड्याभरात ती तुम्हाला बोलावून दाखवेल, "आई, आता पुढे आला."